‘डिमेन्शिया’ हे निदान नव्हे

फाइलवर ‘डिमेन्शिया’ एवढा एकच शब्द लिहून रुग्णाला घरी पाठवणारे डॉक्टर, आणि तो शब्द ऐकून ‘म्हणजे अल्झायमरच ना, वय झालं की व्हायचंच’ म्हणत घरी परतणारे नातेवाईक, या दोघांशीही मला इथे भांडायचं आहे. मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, गेली सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. पण माझ्या धंद्यात ‘अ‍ॅप चालत नाही’ अशी तक्रार आली तर तिला कुणी निदान म्हणत नाही. नेमकं काय चालत नाही, कधीपासून, सतत की मधूनमधून, सगळ्यात आधी काय बंद पडलं, हे विचारल्याशिवाय कुणी कोडला हात लावत नाही. माणसाच्या मेंदूबाबत मात्र ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्यावर आपलं समाधान होतं. वर औषधंही सुरू होतात.

डिमेन्शिया हे ‘ताप’सारखं नाव आहे. आजूबाजूला कुणाला ताप आला आणि डॉक्टर नुसतं ‘ताप आहे’ म्हणाले, तर आपण दुसरा डॉक्टर शोधू. मलेरिया की डेंग्यू की टायफॉइड, हे कळल्याशिवाय उपचार नाहीत, हे आता गावातल्या पोरालाही माहीत आहे. डिमेन्शिया म्हणजे विचार, भाषा, स्मरण, वागणं यांतलं काही इतकं ढासळणं, की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतःला जमेनासे होतात. हे झालं लक्षणांच्या गाठोड्याचं नाव. ते कशामुळे झालं, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडे तो तिथेच संपतो.

आणि हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असं त्यात म्हटलं आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. यांतल्या किती जणांच्या कागदावर कुठला डिमेन्शिया हे लिहिलेलं असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या ओळखीतली दोन-तीन घरं आठवून करावी.

माझा पहिला राग आपल्या शब्दावर आहे. मराठीत आपण याला ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो. शब्द जुना आणि भारदस्त आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. तिथे एक क्रमही आहे. रागातून मोह, मोहातून स्मृतीचा गोंधळ, स्मृती गेली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की सर्वनाश. गीता मेंदूविकारांबद्दल बोलत नाही, तो तिचा दोष नाही. पण हा क्रम आपल्या डोक्यात घट्ट बसला आहे: आधी आठवण जाणार, मग बाकीचं. त्यामुळे घरातलं माणूस विसरायला लागेपर्यंत आपण थांबतो. आणि डिमेन्शियाच्या कितीतरी प्रकारांत विसरणं सगळ्यात आधी येतच नाही.

खुद्द अल्झायमरचंच घ्या. अलॉइस अल्झायमरने १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या बाईला तपासलं. १९०६ मध्ये त्याने ही केस ट्युबिंगेनच्या सभेत मांडली. पुढच्या वर्षी छापून आलेल्या टिपणात तिचं पहिलं ठळक लक्षण म्हणून नोंद आहे ती नवऱ्याबद्दलच्या संशयाची. विसरणं त्यामागून आलं. ज्या केसवरून आजाराला नाव मिळालं, त्या केसमध्येच घरच्यांना आधी दिसला तो स्वभावातला बदल. अल्झायमरने तो क्रम लिहून ठेवला. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या ओपीडीत तो विचारलाही जात नाही.

प्रकार ओळखण्यासाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे: आधी काय बदललं आणि पुढे कोणत्या वेगाने?

नेहमीच्या अल्झायमरमध्ये ताजं आधी जातं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर गेलो होतो ते मात्र गावाच्या नावासकट सांगता येतं. तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा येतो. ‘अहो, मगाशी भाऊ येऊन गेला ना?’ अशी आठवण करून दिली तरी उपयोग होत नाही, कारण ती घटना आत साठवलीच गेलेली नसते. उतार मंद असतो. कधी सुरू झालं, हे घरच्यांना नेमकं सांगता येत नाही.

रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात बऱ्याचदा पायऱ्या दिसतात. दिवाळीपर्यंत ठीक होतं, मग एकदम घसरलं, मग काही महिने तसंच राहिलं, मग पुन्हा एक पायरी खाली. सगळ्यांत पायऱ्या दिसतातच असं नाही. बारीक वाहिन्यांच्या आजारात उतार हळूहळूही असतो. पण विसरण्यापेक्षा मंदावणं जास्त जाणवतं. हिशोब लागत नाही, चार कामांचा क्रम लावता येत नाही, उत्तर येतं पण उशिरा येतं. जरा सूचक शब्द दिला की आठवतं. मागे बहुतेक वेळा बीपी, शुगर, तंबाखू, एखादा छोटा झटका यांचा इतिहास असतो.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात स्मरणशक्ती सुरुवातीला शाबूत असू शकते, जातो तो माणूस. हा आजार बरेचदा ४५ ते ६५ या वयात गाठतो. लाज सुटते, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं, गोडाची हाव सुटते, पैसे उधळले जातात, एकच कृती पुन्हा पुन्हा केली जाते. याच कुळातल्या दुसऱ्या प्रकारांत भाषा आधी जाते: पळी हातात असते, पण पळी म्हणजे काय तेच कळेनासं होतं. प्रागच्या आर्नोल्ड पिकने अशा रुग्णाचं वर्णन १८९२ मध्ये केलं, म्हणजे अल्झायमरच्याही आधी. ब्रूस विलिस या नटाच्या कुटुंबाने २०२२ मध्ये त्याची भाषा बिघडल्याचं सांगितलं आणि २०२३ मध्ये या आजाराचं नाव जाहीर केलं, तेव्हा कुठे आपल्या वर्तमानपत्रांना तो कळला.

लुई बॉडी डिमेन्शियात दिवसागणिक चढउतार असतो. सोमवारी पेपर वाचून त्यावर मत देणारा माणूस मंगळवारी शून्यात बघत बसतो. नसलेली माणसं, मुलं, प्राणी स्पष्ट दिसतात. पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो, पावलं आखूड होतात. आणि या सगळ्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून झोपेत ओरडणं, लाथा मारणं, स्वप्नातली मारामारी खरोखर करणं सुरू झालेलं असू शकतं.

शिवाय जे मुळात डिमेन्शिया नाही किंवा ज्यावर इलाज आहे, तेही याच गाठोड्यात ढकललं जातं. दोन दिवसांत एकदम आलेला भ्रम हा बहुतेक वेळा डिलिरियम असतो: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, खुब्याच्या ऑपरेशननंतरचा गोंधळ, एखादं नवं औषध. न्हाणीघरात पडल्यानंतर काही आठवड्यांनी माणूस सुस्तावत गेला, तर डोक्यात रक्त साकळलेलं असू शकतं, आणि ते काढता येतं. ब जीवनसत्त्वातलं बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं, नैराश्य ही कारणं तर नेहमीची. शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा मधुमेही हे आपल्याकडचं सर्रास चित्र आहे, आणि या दोन्ही गोष्टींनी बी-१२ घटतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणं आणि मंदावलेली बुद्धी हे तिन्ही एकत्र आले, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा विकार असू शकतो. कोलंबियाच्या सालोमोन हाकीमने तो १९६५ मध्ये जगापुढे आणला. शंट बसवल्यावर यांतले काही जण पुन्हा चालू लागतात. ‘वय झालं’ म्हणून खाटेवर पडून राहिलेल्या किती जणांना हा प्रश्न कुणी विचारला असेल?

आता ‘वय झालं’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. मराठीत या सगळ्या प्रकारांना शब्द नाहीत असं नाही, भरपूर आहेत. फ्रंटोटेम्पोरलला आपण ‘म्हातारचळ’ म्हणतो. लुई बॉडीतल्या भासांना ‘बाहेरची बाधा’. त्यातल्या चढउताराला ‘नाटकं, मनात असलं की सगळं कळतं’. सगळ्याला मिळून ‘साठी बुद्धी नाठी’. म्हणजे आपल्या लोकांनी लक्षणं बरोबर हेरली, वेगवेगळीही केली. पण प्रत्येक शब्दात एक निकाल लावून टाकला. म्हातारचळ लागलेला माणूस चारित्र्याने घसरलेला, नाटकं करणारा लबाड, बाधा झालेला मांत्रिकाच्या हवाली. पन्नाशीतला अधिकारी कचेरीत अचानक अश्लील बोलायला लागतो, त्याची चौकशी होते, नोकरी जाते, बायको माहेरी निघून जाते. त्याच्या कपाळामागचा मेंदू झिजतोय का, हे पाहण्याआधीच गावाने त्याचा न्याय केलेला असतो. माणूस शिरजोर झाला म्हणून असं वागतो की आजारी आहे म्हणून, हे ठरवायला डॉक्टर लागतो. शब्द पुरत नाही.

साहित्य-सिनेमाचाही यात वाटा आहे, आणि इथे वाचणाऱ्यांना हे टोचेल. आपल्या कथांमध्ये, चित्रपटांमध्ये डिमेन्शिया म्हणजे हळुवार विसरणं. मोठा विद्वान हरवतो, मुलं त्याला शोधतात, आठवणी आणि ओळख यांवर चिंतन होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मला आवडतो. मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित अल्झायमरचा रुग्ण म्हणून खरा आहे. तक्रार त्या चित्रपटाशी नाही. तक्रार ही, की विसरणं हे रूपक म्हणून सोयीचं असल्यामुळे लेखकांनी तेवढंच उचललं. ज्याला आठवतं सगळं पण दया उरली नाही, जो झोपेत बायकोला ठोसे मारतो, ज्याला अंगणात मुलं दिसतात, तो आपल्या कथेत आला तर विनोदी पात्र म्हणून येतो किंवा भुताच्या गोष्टीत.

अंगणातली मुलं मी कल्पनेने लिहिलेली नाहीत. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. पंच्याहत्तरीनंतर त्यांना झोपाळ्यावर बसलेली मुलं दिसू लागली. ते घाबरत नसत. पोरांना भूक लागली असेल, काहीतरी खायला द्या, एवढंच म्हणत. काही दिवस पूर्ण शुद्धीत, काही दिवस नाही. गावाने बाहेरचं ठरवलं, एका काकाने नाटकं ठरवलं. मग शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. एमआरआय झाला, वयानुसार आकुंचन, फाइलवर शब्द आला: डिमेन्शिया. दुसऱ्या रात्री ते परक्या खोलीत उठून आरडाओरडा करू लागले म्हणून त्यांना हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं. तीन दिवसांत माणूस लाकडासारखा ताठ झाला. घास गिळता येईना. चालत गेलेले आजोबा स्ट्रेचरवरून परत आले आणि त्यानंतर पुन्हा चालले नाहीत. अकरा महिन्यांनी गेले.

मधल्या काळात दुसऱ्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे दाखवलं. त्यांनी आम्हा पुरुषांचं बोलणं थांबवलं आणि मागे उभ्या असलेल्या काकूला विचारलं, “ताई, हे झोपेत हातपाय झाडतात का हो?” काकू म्हणाली, “आता आठ-धा वर्सं झाली की डॉक्टरसाहेब. म्हणून तर आत्याबाईंनी खाट वेगळी केली.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. निदानाला दहा मिनिटं लागली होती.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी लुई बॉडीच्या रुग्णांची अवस्था एकदम गंभीर होऊ शकते, प्रसंगी जीवही जाऊ शकतो, हे काही गुपित नाही. इयन मकीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते मांडलं होतं. मी जन्मण्याआधीची गोष्ट. म्हणून ‘प्रकार कळून करायचंय काय, कशालाच इलाज नाही’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. इलाज नसेल, पण इजा आहे. डोनेपेझिलसारखी औषधं अल्झायमरमध्ये आणि लुई बॉडीमध्ये काही काळ मदत करतात. फ्रंटोटेम्पोरलमध्ये त्यांचा फायदा दिसत नाही, उलट वागणं बिघडू शकतं. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब फक्त सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहे, तेही मेंदूत अमायलॉइड असल्याचं सिद्ध झाल्यावर. रक्तवाहिन्यांच्या प्रकारात बीपी आणि शुगर आवरली तर पुढची पायरी टळू शकते. आणि शंट, बी-१२, थायरॉइड यांचं वर सांगितलंच. इतकं सगळं प्रकारावर अवलंबून असताना प्रकार न लिहिणं हा आळस आहे.

यावर तीन आक्षेप येतात, तिन्ही मी ऐकले आहेत.

पहिला, प्रत्यक्षात प्रकार इतके स्वच्छ वेगळे नसतात. हे खरं आहे. मृत्यूनंतर मेंदू तपासले तर वयस्कांमध्ये अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार एकत्र सापडणं नेहमीचं; लुई बॉडीही सोबत असतात. तज्ज्ञही चुकतात. रॉबिन विल्यम्स या नटाला २०१४ मध्ये पार्किन्सन सांगितला गेला होता. लुई बॉडी किती पसरल्या होत्या ते शवविच्छेदनानंतर कळलं. अमेरिकेतल्या श्रीमंत माणसाची ही गत. पण म्हणून निदानच करू नये, हा निष्कर्ष कसा निघतो? ‘बहुधा मिश्र, लुई बॉडीची शंका, ही औषधं टाळावीत’ हेही निदान आहे. अंदाज लिहून ठेवला तर उद्या तो चुकीचा ठरवता येतो. नुसता ‘डिमेन्शिया’ कधी चुकतच नाही, आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे.

दुसरा आक्षेप, तालुक्याच्या गावात न्यूरॉलॉजिस्ट कुठून आणायचा? एमआरआय कुणाला परवडतो? हा आक्षेप करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. आधी काय बदललं, किती वेगाने, दिवसभरात चढउतार आहे का, झोप कशी, चाल कशी, या प्रश्नांना यंत्र लागत नाही. बी-१२, टीएसएच, सोडियम तालुक्याच्या लॅबमध्ये होतात. आमच्याकडे एमआरआय झाला होता, प्रश्न विचारले गेले नव्हते.

तिसरा, डॉक्टरांना वेळ नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले असताना इतिहास कोण ऐकणार? मान्य. पण मग ते काम कोण करू शकतं हे बघा. डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटं बघतात, घरातलं कुणीतरी चोवीस तास बघतं. ते कुणीतरी बहुतेक वेळा सून असते, बायको असते, मुलगी असते. आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसतो मुलगा, जो महिन्यातून एकदा गावी येतो आणि ‘विसरायला लागलेत’ एवढंच सांगतो. पाहते एक आणि सांगतो दुसराच. माझ्या भाषेत सांगायचं तर लॉग ज्या मशीनवर आहे, ते सोडून आपण भलत्याच मशीनला विचारतो. आपल्याकडे निदान चुकण्याचं हे कारण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसेल, पण घराघरात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. घरच्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहावं: पहिला बदल कोणता आणि कोणत्या महिन्यात, त्यानंतर क्रमाने काय, सगळी औषधं, पडणं, झोप, काय अजून नीट जमतं. तो कागद जिच्या हातून औषधपाणी होतं तिनेच लिहावा किंवा तिला विचारून लिहावा, आणि खोलीत तिलाच आत न्यावं. डॉक्टरांनी ‘डिमेन्शिया’पुढे प्रकार लिहावा, खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिहावं, आणि लुई बॉडीची शंका असेल तर कुठली औषधं द्यायची नाहीत ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला ते दिसेल. ते लिहीत नसतील, तर आपण विचारावं, “डॉक्टर, कुठला डिमेन्शिया?” या प्रश्नात उद्धटपणा काही नाही. ताप कशाचा, हे आपण विचारतोच की.